टेराफॉर्ममधून ईएफएसला एन्क्रिप्शन लावायचंय, डेटा न घालवता. मदत हवी आहे

मंडळी, एक ईएफएस (अ‍ॅमेझॉनच्या एडब्ल्यूएस क्लाउडमधली शेअर्ड स्टोरेज) फाइल सिस्टीम आहे, टेराफॉर्मने (कोड लिहून क्लाउडमधल्या गोष्टी बनवायचं टूल) बनवलेली, त्यावर चालू अ‍ॅपचा डेटा आहे. आता एन्क्रिप्शन पाहिजे म्हणून कोडमध्ये एन्क्रिप्टेड ट्रू केलं तर प्लॅनमध्ये (काय बदलणार ते आधी दाखवणारी यादी) सरळ 'मस्ट बी रिप्लेस्ड' येतंय, म्हणजे जुनी उडवून नवी बनवणार. एन्क्रिप्शन फक्त बनवतानाच ठरतं हे माहितीये, त्यामुळे अप्लाय केलेलं नाही आणि लाइफसायकलमध्ये प्रिव्हेंट डिस्ट्रॉय टाकून ठेवलंय, चुकून उडू नये म्हणून.

डोक्यात असं आहे की शेजारी दुसरा रिसोर्स बनवायचा, प्रत्येक झोनमध्ये माउंट टार्गेट (सर्व्हर जिथून फाइल सिस्टीमला जोडतात तो पत्ता), सिक्युरिटी ग्रुपमध्ये (फायरवॉलचे नियम) २०४९ पोर्ट, म्हणजे एनएफएसचा, उघडा, मग डेटा कॉपी. खरी अडचण कॉपीचीच आहे, बारीक बारीक फाइल्सचा ढीग आहे आणि अ‍ॅप जास्त वेळ बंद ठेवता येत नाही. डेटासिंक (एडब्ल्यूएसची डेटा हलवायची सेवा) बरं पडेल की आरसिंक (लिनक्सवरची कॉपी करायची कमांड)? यूआयडी-जीआयडी (फाइलच्या मालक यूजर आणि ग्रुपचे नंबर) जसेच्या तसे राहायला हवेत, अ‍ॅक्सेस पॉइंटमध्ये (अ‍ॅप ज्या ठरलेल्या वाटेने ईएफएसमध्ये शिरतं) हा नंबर १००० फिक्स आहे. आणि जुनी फाइल सिस्टीम काही दिवस तशीच ठेवायची असेल तर ती टेराफॉर्मच्या नोंदीतून काढायला स्टेट आरएम कमांड चालवू की कोडमध्ये रिमूव्ह्ड ब्लॉक वापरू?

कुणी हे केलं असेल तर नेमका क्रम सांगा प्लीज, डेटा लोकांचा आहे, एकही फाइल जायला नको.