व्हँकुव्हरचं स्कायट्रेन: लँगलीपर्यंत खांब की रस्त्यावर ट्राम?

सांधेवाला
कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या स्कायट्रेनचा, म्हणजे तिथल्या बिनचालक मेट्रोचा, एक्स्पो मार्ग किंग जॉर्ज स्थानकापासून लँगली या उपनगरापर्यंत वाढतोय. फ्रेझर हायवेवरून 16 किमी उन्नत मार्ग, 8 स्थानकं, 2029 अखेरीस सुरू करायचा बेत. अंदाज 401 कोटी कॅनेडियन डॉलरवरून 600 कोटींच्या घरात गेला आणि ‘सरे या उपनगरात आखलेली ट्राम रद्द करून चूक केली’ हा सूर पुन्हा लागला. मला ते पटत नाही. 1985 पासून तिथे मोटरमनशिवाय गाड्या धावतायत, आणि त्याचा फायदा पगार वाचण्यापुरता नाही. चालक असला की रात्री दहा वाजता दर पाच मिनिटांनी गाडी सोडायला पाळ्या वाढवाव्या लागतात, मग कोणीही सहा डब्यांची एक गाडी वीस मिनिटांनी सोडून मोकळा होतो. इथे जादा फेरीला वीज आणि चाकांची झीज एवढाच खर्च. म्हणून गाड्या लहान, पण सतत. ट्रामला हे जमणार नाही.

आणेवारी
सतत, पण कुठपर्यंत? कोलंबिया स्थानकाला मार्ग फुटतो: काही गाड्या प्रॉडक्शन वेकडे, काही सरेकडे. वॉटरफ्रंट (शहरातलं टोकाचं स्थानक) ते कोलंबिया या सामाईक भागात गर्दीच्या वेळी गाड्या जेमतेम 108 सेकंदांच्या अंतराने, म्हणजे तासाला 33. लँगलीचे प्रवासी याच 33 गाड्यांत शिरणार. शेपूट वाढवलं म्हणून घसा रुंद होत नाही.
आता हिशेब. 600 भागिले 16, किमीला साडेसदतीस कोटी. 2018 मध्ये मोडीत काढलेली, सरेतल्याच न्यूटन आणि गिल्डफर्ड भागांना जोडणारी ट्राम 10.5 किमीला 165 कोटी होती, म्हणजे किमीला 16 च्या आसपास. निम्म्याहून कमी.

सांधेवाला
अहो, 2018 चा अंदाज आणि 2024 चा सुधारित आकडा एका तागडीत कसे घालता? ट्रामही महागलीच असती. शिवाय ती ट्राम वेगळ्या रस्त्यावर होती. फ्रेझर हायवेवर 166 ते 184 व्या रस्त्यादरम्यान सर्पेंटाइन नदीचा सखल शेतीपट्टा आहे. जमीन मऊ, म्हणून पाया खोल. त्या टापूत एकही स्थानक नाही, म्हणजे खर्च होतो पण प्रवासी मिळत नाहीत. ट्राम असती तरी तो पट्टा ओलांडावाच लागला असता.
घशाचं म्हणणं मात्र मान्य. त्यावरचा उपाय डब्यांत आहे. जुलै 2025 मध्ये मार्क 5 गाडी आली: पाच डबे, सलग आरपार, क्षमता सुमारे 670. एकूण 205 डबे, म्हणजे 41 गाड्या. तासाला 33 धरल्या तर एका दिशेला 22 हजार माणसं. फलाट 80 मीटरचे, गाडी त्याहून किंचित लांब, पण सगळे दरवाजे फलाटात बसतात. तेवढी जागा 1985 च्या बांधकामातच होती.

चौथा_रूळ
दोघेही मोटर विसरताय. एक्स्पो आणि मिलेनियम मार्गावर रेषीय प्रेरण मोटर आहे, म्हणजे चाक न फिरवता चुंबकीय ओढीने गाडी पुढे नेणारी: गाडीच्या पोटाशी तारेची गुंडाळी, दोन रुळांच्या मध्ये अ‍ॅल्युमिनियमची पट्टी, आणि दोहोंत सेंटिमीटरभर फट. ओढ चाकातून येत नाही, म्हणून ओल्या रुळावरही चढ चढताना चाक घसरायची भीती नाही. व्हँकुव्हरच्या पावसात ही मोठी सोय. चाकं लहान, डबा बुटका, भुयार लहान. 1930 च्या दशकात कॅनेडियन पॅसिफिकने खणलेलं डन्सम्युअर भुयार अरुंद पण उंच होतं. त्यात एका रुळावर दुसरा रूळ असा दुमजली मार्ग बसला तो या बुटक्या डब्यामुळेच.
पण त्या फटीची किंमत मोजावी लागते. साध्या गोल मोटरमध्ये फट याच्या काही पटींनी लहान असते, म्हणून इथे वीज जास्त जाते. आणि पट्टी सगळीकडे समपातळीत ठेवावी लागते. टोरोंटोच्या स्कारबरो मार्गावर हेच तंत्र होतं, तेही 1985 चं. 24 जुलै 2023 ला पट्टी धरणारे बोल्ट निसटले, पट्टी वर उचलली गेली आणि शेवटचा डबा रुळावरून उतरला. मार्ग पुन्हा सुरू झालाच नाही. जगात हे तंत्र वापरणारे मार्ग मोजकेच. क्वालालंपूरचा केलाना जया हा त्यांतला एक मोठा. सुटे भाग एक-दोन ठिकाणीच मिळणार आणि भाव विकणारा ठरवणार. अशा तंत्रावर आणखी 16 किमी?

सांधेवाला
स्कारबरोचा धडा बोल्ट तपासायचा आणि म्हातारे डबे वेळेत बदलायचा आहे, मोटरचा नाही. तिथले डबे आयुष्य उलटून गेल्यावरही चालवले जात होते.

आणेवारी
स्वयंचलित म्हणजे बिनचूक हा समज तरी सोडा. 17 आणि 21 जुलै 2014, एका आठवड्यात दोनदा एक्स्पो आणि मिलेनियम हे दोन्ही मार्ग ठप्प. दुसऱ्या वेळी नियंत्रण केंद्रात नवा ब्रेकर बसवताना मुख्य ब्रेकरच पडला. नियंत्रण संगणक बंद झाला की कोणती गाडी कुठे उभी हे त्याला कळत नाही. मग कर्मचाऱ्याने उन्नत मार्गावरून चालत गाडीपर्यंत जायचं, हाताने हळूहळू पुढे न्यायची आणि रुळांमधल्या तारेच्या वेटोळ्याचे ठरावीक छेद ओलांडले की संगणकाला पुन्हा तिचा ठावठिकाणा लागतो. अशा डझनावारी गाड्या. त्यात वैतागलेल्या प्रवाशांनी दरवाजे उघडून रुळावर उड्या मारल्या, म्हणजे वीज तोडा, मार्ग रिकामा झाल्याची खात्री करा, मगच पुढे. तास न् तास गेले. चालक असता तर त्याने निदान पुढच्या स्थानकात नेऊन लावली असती.
बर्फाचंही तेच. फलाटाच्या कडेला सरकती दारं नाहीत, रुळावर काही पडलं की गाडी थांबवणारी यंत्रणा आहे. तिला माणूस आणि बर्फाचा गोळा सारखाच. म्हणून बर्फाच्या दिवशी गाडीत कर्मचारी बसवावे लागतात. बिनचालक गाडीला चालक!

फ्रेझरपल्याड
पाडव्यापासून दिवाळीपर्यंत बर्फ नसतो हो, तेव्हा काय करायचं? वर्षातले थोडे दिवस धरून 40 वर्षांच्या सेवेचा निकाल लावू नका.
खरा धोका विस्तार आखूड मापात करण्यात आहे. स्कायट्रेनचाच दुसरा मार्ग, कॅनडा लाइन बघा, ऑगस्ट 2009 ला सुरू झाली, 2010 च्या हिवाळी ऑलिंपिकच्या आधी. तीही बिनचालक, पण मोटर साधी आणि डबे निराळे, म्हणून एक्स्पोची गाडी तिथे चालत नाही आणि तिथली इकडे येत नाही. डेपोही वेगळा. खासगी भागीदारीत 35 वर्षांचा करार, पैसे वाचवायला फलाट 40 ते 50 मीटरचे, दोन डब्यांची गाडी, रिचमंडच्या टोकाला एकेरी रूळ. आता लांबी वाढवायची तर मध्ये एक लहान तिसरा डबा घालण्यापलीकडे वाव नाही. 50 मीटरचे 80 करायला जमिनीखालच्या स्थानकांच्या भिंती फोडाव्या लागतील. मुंबईच्या वर्सोवा-घाटकोपर मेट्रोत चार डब्यांच्या गाड्या असूनही फलाट सहा डब्यांचे ठेवले. ती दूरदृष्टी इथे नव्हती.

चौथा_रूळ
हे मात्र बरोबर. शिवाय एक गोष्ट कोणीच बोलत नाही: रात्रीची दुरुस्ती. शेवटची गाडी ते पहिली गाडी यांत तीन-चार तास मिळतात. त्यात वीज तोडायची, कामाची गाडी डेपोतून जागेवर न्यायची, काम, मग परत. 16 किमी शेपटाच्या टोकाला जायचं तर त्यातला बराच वेळ जाण्यायेण्यातच सरेल. वाटेत कामाच्या गाडीसाठी बाजूचे रूळ आणि सांधे (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे जोड) ठेवले नाहीत तर पट्टीच्या बोल्टांना हात लागणार कधी?

आणेवारी
सांध्यांचं वेळेत बघितलं तर माझा निम्मा विरोध मावळेल. उरलेला निम्मा न्यूटनसाठी. तिथली ट्राम रद्द झाली, स्कायट्रेन आलं नाही, हातात आली आर 1 बस. तिला तरी सलग राखीव मार्गिका द्या.