‘राझी’ बघताना तुमचा जीव कोणासाठी तुटला? ग्वाल्हेरकरांनो, अनुभव सांगा

मेघना गुलजारचा राझी 2018 च्या मे महिन्यात आला तेव्हा आपल्याकडे बहुतेकांनी बघितला, नंतर टीव्हीवर पण कितीदा लागला. 1971 चं युद्ध तोंडावर आलंय, काश्मीरची कॉलेजात शिकणारी सहमत वडिलांच्या शब्दाखातर रावळपिंडीच्या लष्करी घराण्यात सून म्हणून जाते आणि तिथून बातम्या पाठवते, गोष्ट सगळ्यांना माहितीच आहे. पण मी ज्याच्याशी बोलते तो वेगळ्याच माणसासाठी रडलेला असतो. म्हणून विचारतेय, तुमचा जीव कोणासाठी तुटला? घरातलं काही आठवलं असेल तर तेही लिहा.

माझा इक्बालसाठी, सहमतच्या नवऱ्यासाठी. लग्न करून आणलेल्या मुलीला तो म्हणतो तुला हवा तेवढा वेळ घे, आणि खरंच देतो, स्वतः वेगळा झोपतो. आणि शेवटी सगळं कळल्यावर, भाऊ गेला, घर उद्ध्वस्त झालं, तरी वडिलांना सांगतो की आपण आपल्या मुलखासाठी जे करतो तेच तिनं तिच्या मुलखासाठी केलं. विकी कौशल ते किती हळू बोललाय. मी थिएटरात तोंडावर ओढणी धरून बसले होते.

मुरारची वहिनी:
माझा सहमतसाठीच, पण लोक रडतात त्या जागी नाही. मिस्टर हवाई दलात होते, महाराजपुऱ्याला, विमानांच्या देखभालीच्या कामात. 2019 च्या फेब्रुवारीत बालाकोट झालं त्या रात्री ते ड्यूटीवर होते एवढंच मला माहिती. सकाळी टीव्हीवाले सांगायला लागले की मिराज विमानं ग्वाल्हेरहून उडाली, शेजारणी दारात, आणि मी सगळ्यांना एकच सांगतेय की मला काही माहिती नाही, जे खरंच होतं. ते दुपारी आले, आंघोळ केली, पाटावर बसले. सासूबाईंनी विचारलं, तुला माहिती होतं का रे? तर म्हणाले, आई वरण वाढ अजून. मग झोपले. मी कधीच विचारलं नाही, आजपर्यंत नाही. त्यामुळे ती बाथरूमचं दार लावून मोर्सच्या सांकेतिक संदेशांची टकटक करते आणि बाहेर येऊन नवऱ्याशी प्रेमानं बोलते, त्याला लोक नाटक म्हणतात ना, मला ते पटत नाही. ती दोन्हीकडे खरी होती म्हणून तर तिचे इतके हाल झाले.

दौलतगंजची जाऊ:
मुनीरा, सहमतची मोठी जाऊ!! तिचं कोणी नावच घेत नाही. अमृता खानविलकर आपली मराठी म्हणून बघायला गेले आणि तिच्यातच अडकले. आम्ही दोघी जावा एका स्वयंपाकघरात, कुठला डबा कुठे ठेवायचा, सासऱ्यांना चहा कसा लागतो, सगळं मला मोठ्या जाऊबाईंनी शिकवलं. मुनीरानं सहमतला असंच घरात घेतलं. आणि त्याच सहमतनं छत्रीच्या टोकानं विष टोचून तिला विधवा केलं आणि मग तिच्याच शेजारी बसून सांत्वन. देशासाठी केलं हे डोक्याला कळतं हो, पण मला त्यानंतर सहमतकडे आधीसारखं बघताच आलं नाही.

वाड्यातला दादा:
मी अब्दुलबद्दल लिहिणार, सहमतच्या सासरचा तो जुना नोकर. आमचा लश्करमधला वाडा, आता निम्मा विकला गेला, पण माझ्या लहानपणी आमच्याकडे एक दाजी होते, आजोबांच्या वेळेपासूनचे, पगार किती ते कोणाला माहिती नसायचं कारण ते घरचेच होते. रात्री सगळे झोपल्यावर कंदील घेऊन पुढचा दरवाजा, मागची खिडकी, विहिरीकडचं दार, हात लावून बघायचे, कडी ओढून बघायचे, मगच पडायचे. नवीन सून आली की महिनाभर तिच्यावर नजर, आईवर पण होती, आई अजून सांगते की दाजींचा संशय फिटेपर्यंत मला कोठीची किल्ली मिळाली नाही. तर अब्दुल म्हणजे हुबेहूब ते. म्हाताऱ्याला पहिल्या दिवसापासून खटकतंय आणि तो बरोबर आहे!! अख्ख्या घरात एकटा तोच बरोबर आहे. आणि ती त्याच्या अंगावर जीप घालते. ती धावते, तो धावतो, त्या म्हाताऱ्या पायांनी गल्लीतून पळतोय ते मला बघवेना, मी उठून बाहेर गेलो. त्याचा गुन्हा एवढाच की ज्या घराचं मीठ खाल्लं ते घर त्यानं राखलं. सहमतला सुरुवातीला रक्त बघवत नाही, खारीला वाचवायला जाते अशी मुलगी, तिला हे करावं लागलं, आणि नंतर शॉवरखाली ती कोसळते त्यात माझ्या मते अब्दुलचंच रडणं आहे. दिग्दर्शिकेनं त्याला खलनायक केलं नाही याबद्दल मी तिचा कायम ऋणी.

मुरारची वहिनी:
दादा, तुमचं वाचून आता परत बघताना अब्दुलकडेच लक्ष जाणार.

जनकगंजची नात, आजी सांगतेय मी टाइप करतेय:
आजी म्हणते, मी सहमतच्या आईसाठी रडले. ते काम सोनी राझदाननं केलंय, ती सहमत झालेल्या आलियाची खरी आई, त्यामुळे पाठवणीचं ‘दिलबरो’ चालू असताना दोघींचे चेहरे बघवत नाहीत. आजीचं लग्न 71 सालीच झालं, ती नागपूरची, ग्वाल्हेरात कोणी ओळखीचं नाही. 3 डिसेंबरला संध्याकाळी आग्र्याच्या विमानतळावर बॉम्ब पडले आणि आग्रा आपल्यापासून आहे किती लांब, शंभर-सव्वाशे किलोमीटर. ताजमहाल झाकून टाकला होता म्हणे. इकडे काचांना काळे कागद, स्टोव्हचा उजेड पण बाहेर दिसायला नको, आणि नवी नवरी अंधारात परक्या माणसांमध्ये बसलेली. सासूबाईंनी तिचा हात धरून ठेवला, सायरन थांबेपर्यंत सोडला नाही. आजी म्हणते, त्या रात्रीपासून हे घर माझं झालं. आणि सहमतला तर असं घर आपलं होऊनसुद्धा चालणार नव्हतं.

शाळेतली ताई:
मी मुलांकडून ‘ऐ वतन’ बसवून घेते दर 15 ऑगस्टला. सिनेमात ते पाकिस्तानी शाळेतली मुलं गातात, सहमत शिकवते, मुलांचं वतन वेगळं आणि मागे उभ्या असलेल्या बाईचं वेगळं, आणि सूर एकच. त्यात मुलांच्या तोंडी ‘लब पे आती है दुआ’ येतं ते कवी मुहम्मद इक्बालांचं, 1902 चं, म्हणजे फाळणीच्या कितीतरी आधीचं, आणि ‘सारे जहाँ से अच्छा’ पण त्यांचंच. गीतकार गुलजारांनी हे किती विचार करून गुंफलंय. तालमीत त्या ओळीला दरवेळी माझा आवाज अडकतो, मग मी पेटीवर नुसता सूर धरते आणि मुलं पुढे नेतात.

टेकनपूरला नोकरी केलेले काका:
सर्वांचं वाचलं. काही मित्र म्हणाले होते की शत्रूला फार चांगलं दाखवलंय. मी आयुष्य गणवेशात काढलं, मला तसं वाटलं नाही. 71 साली पाकिस्तानची गाझी पाणबुडी 3 आणि 4 डिसेंबरच्या मधल्या रात्री विशाखापट्टणमजवळ बुडाली, आपली विमानवाहू विक्रांत वाचली, त्याचा आनंद मला आजही आहे आणि पूर्ण आहे. तरी त्या पाणबुडीतल्या पोरांच्या घरी पण कोणी वाट बघत असणार, हे समजायला माणूस पाकिस्तानधार्जिणा असावा लागत नाही. मला खरा त्रास झाला तो शेवटच्या ग्रेनेडचा. सहमत पकडली जाणार असं दिसल्यावर आपलेच लोक तिला संपवायला निघतात, बुरख्यात दुसरीच बाई निघते, इक्बाल जातो, आणि ती लांबून बघते. नंतर तिला हेरगिरी शिकवणाऱ्या खालिद मीरवर ती ओरडते की मी तुमच्यासारखी व्हायच्या आत मला इथून न्या. तिची निष्ठा शंभर टक्के होती, मग तिच्याशी कोणाची होती? वरच्या माणसाला असे निर्णय घ्यावे लागतात हे मी जाणतो, तरी माझं मन मीरला माफ करत नाही. मीर झालेल्या जयदीप अहलावतच्या चेहऱ्यावर मात्र तेव्हा काहीतरी हललं होतं. मीरची बाजू कोणाला कळली असेल तर जरूर लिहा, मला वाचायचंय.