प्रिन्स ऑफ पर्शिया : जुन्या आणि नव्या गेमना एकाच तागडीत तोलावे का?

तटबंदी :
परवा या मंचावर 'चकमक' यांनी प्रिन्स ऑफ पर्शिया या व्हिडिओ गेम मालिकेतील नऊ प्रमुख गेमची क्रमवारी मांडली. त्यांच्या यादीत 2003 चा 'द सँड्स ऑफ टाइम' पहिला, 2024 चा 'द लॉस्ट क्राउन' दुसरा आणि 1989 चा मूळ गेम सहावा आहे. सहाव्या क्रमांकाचे कारण त्यांनी एकाच वाक्यात उरकले आहे : हालचाल जड आहे, आज खेळवत नाही. ते वाक्य दोन दिवस मनातून जात नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

ज्याला जडपणा म्हटले आहे, तोच त्या गेमचा प्राण आहे. मूळ गेमचे निर्माते जॉर्डन मेकनर यांनी आपल्या धाकट्या भावाला धावायला आणि उड्या मारायला लावून त्याचे चित्रीकरण केले आणि त्या चित्रीकरणावरून एकेक चौकट उतरवून राजपुत्राची हालचाल तयार केली. म्हणूनच तो राजपुत्र धावता धावता कळ सोडल्याबरोबर जागच्या जागी थांबत नाही, त्याचे शरीर थोडे पुढे घसरते. कड्यावरून उडी मारायची तर पाऊल कुठे पडणार याचा हिशेब आधीच करावा लागतो. हाडामांसाचा माणूस असाच वागतो. हा गेम ज्या जुन्या संगणकासाठी बनला, त्या अ‍ॅपल टूच्या मेमरीत आणखी एका पात्राच्या चित्रांना जागा नव्हती, म्हणून राजपुत्राचीच चित्रे वेगळ्या रीतीने दाखवून त्याची सावली हा प्रतिस्पर्धी उभा करण्यात आला, आणि ती सावली आजही मालिकेतील सर्वांत विलक्षण पात्र आहे. बाराव्या लेव्हलमध्ये तिला मारायला गेलो तर प्रत्येक घाव आपल्यालाच लागतो. तलवार म्यान केली तरच ती आपल्यात मिसळते. हे कोणी सांगितलेले नसते, आपले आपल्यालाच उमगावे लागते.

आता मुख्य मुद्दा. 2003 च्या गेममध्ये खंजिराच्या बळावर काळ मागे फिरवता येतो. 1989 च्या गेममध्ये काळ हाच शत्रू आहे : साठ मिनिटे, एकच घड्याळ, आणि मेलो तर लेव्हल पुन्हा सुरू होते पण गेलेली मिनिटे परत मिळत नाहीत. एकात चूक पुसता येते, दुसऱ्यात चुकीची किंमत मोजावीच लागते. असे दोन गेम एकाच शिडीच्या वरच्या आणि खालच्या पायरीवर उभे करून आपण नेमके काय मोजतो? माझ्या मते अशी क्रमवारी मुळात लावूच नये, आणि ती यादी काढून टाकावी अशी माझी विनंती आहे.

चकमक :
तटबंदी, आपण लिहिलेले सगळे मला ठाऊक आहे आणि त्यातील बरेचसे मान्यही आहे. पण यादी काढून टाका ही मागणी मला पटत नाही. नवा खेळाडू विचारतो की नऊ गेमपैकी सुरुवात कुठून करू. त्याला 'प्रत्येक गेम आपापल्या जागी थोर आहे' असे उत्तर दिले तर तो एकही खेळणार नाही. क्रमवारी म्हणजे त्या प्रश्नाला एका माणसाने दिलेले प्रामाणिक उत्तर. देव्हाऱ्यात ठेवलेल्या वस्तूला लोक हात जोडतात, हातात कोणी घेत नाही. मूळ गेमचे तसे होऊ नये असे मला मनापासून वाटते.

शिवाय तुलना केल्याशिवाय काही गोष्टी दिसतच नाहीत. द लॉस्ट क्राउन बाजूने दिसणाऱ्या सपाट रचनेकडे परतला, हे 1989 चा गेम शेजारी ठेवल्यावरच अर्थपूर्ण ठरते. आणि एक विचारतो, राग मानू नये : आपण स्वतः 2004 च्या 'वॉरियर विदिन'ला गेली कित्येक वर्षे मालिकेतील सर्वांत वाईट गेम म्हणत आलात. ती क्रमवारी नव्हती का?

अनवट :
वॉरियर विदिनचा विषय निघालाच आहे, तर मला बोलू द्या, कारण या गेमवर प्रत्येक चर्चेत अन्याय होतो. त्याचे संगीत कर्कश आहे आणि त्याचा भडक हिंसाचार खुद्द मेकनर यांनाही रुचला नव्हता, हे खरे आहे. पण दहाका आठवा. काळाचा तो राखणदार पाठीशी लागतो तेव्हा पडद्याचे रंग बदलतात, विचार करायला उसंत राहत नाही, फक्त पळायचे असते. 1989 च्या साठ मिनिटांत जी भीती होती, ती मालिकेत पुन्हा कुठे आली असेल तर ती याच पाठलागांत आली. चकमक यांनी त्याला आठवा क्रमांक दिला आणि दहाकाचा साधा उल्लेखही केला नाही. क्रमवारीला माझा विरोध नाही. आळशी क्रमवारीला आहे.

पाणचक्की :
माझी तक्रार वेगळी आहे. द लॉस्ट क्राउन दुसऱ्या क्रमांकावर कसा, हेच मला कळत नाही. त्यात शत्रूचा वार परतवण्याची वेळ सैल करून घेता येते, वाट दाखवणारी पद्धत निवडता येते, आणि एक सोय सुरू केली की अवघड उड्यांच्या जागी चक्क एक द्वार उघडते व आपण पलीकडे पोहोचतो. उडी हा ज्या मालिकेचा कणा आहे, त्या मालिकेत उडी न मारता पुढे जाता येत असेल, तर तो गेम मूळ गेमच्या वर कोणत्या आधारावर बसतो?

भिंगरी :
पाणचक्की, मी इथे सहसा लिहीत नाही, पण हे वाचून गप्प बसवले नाही.

मूळ गेम मी लहानपणी मोठ्या भावाच्या शेजारी बसून खेळले. चौथ्या लेव्हलमधला आरसा फोडून पहिल्यांदा पलीकडे उडी मारली आणि सावली उलट्या दिशेला पळाली, तेव्हा आम्ही दोघेही घाबरून खुर्चीवरून उठलो होतो. दोन वर्षांपूर्वी उजव्या मनगटावर शस्त्रक्रिया झाली आणि त्यानंतर दोन बोटे पूर्वीसारखी वळली नाहीत. कंट्रोलर मी कपाटात ठेवून दिला होता. भावाच्या आग्रहामुळे द लॉस्ट क्राउन सुरू केला, ज्या उड्या बोटांना झेपत नव्हत्या तिथे ते द्वार वापरले, बाकीच्या शेकडो उड्या मी स्वतः मारल्या, आणि गेम पूर्ण केला. आपण ज्या सोयीला कणा मोडणे म्हणता, तिच्यामुळे मी या मालिकेत परत येऊ शकले.

पाणचक्की :
आपल्याबद्दल मला मनापासून सहानुभूती आहे, परंतु वैयक्तिक अडचण हा गेमच्या दर्जाचा निकष होऊ शकत नाही. मूळ गेम पूर्ण करणाऱ्याने जे कमावले, ते सोयी वापरून कमावता येत नाही, एवढेच माझे म्हणणे आहे.

भिंगरी :
सहानुभूती मी मागितली नव्हती. मी विचारते त्याचे उत्तर द्या. आपल्यापैकी किती जणांनी मूळ गेम सुरू करताना 'प्रिन्स'पुढे 'मेगाहिट' हा शब्द टाइप केला नव्हता? दोन कळा एकत्र दाबल्या की पुढची लेव्हल, आणि थेट शेवटच्या शत्रूसमोर, जाफरसमोर. कमावण्याची भाषा करण्यापूर्वी प्रत्येकाने हे सांगावे. आमच्या घरी तर तो शब्द कागदावर लिहून मॉनिटरला चिकटवलेला होता.

पाणचक्की :
आम्हीही वापरला होता. पण ती चोरवाट होती आणि ती चोरवाट आहे हे आम्हाला ठाऊक होते. गेमनेच ती सोय म्हणून समोर ठेवणे ही निराळी गोष्ट आहे.

अनवट :
हा भेद मला पटत नाही. चोरवाट ज्याला माहीत त्यालाच मिळत असे, सोय सर्वांना मिळते; यात वाईट झाले ते काय? 2008 च्या गेममध्ये राजपुत्र मरतच नाही, कड्यावरून पडला की त्याची सोबतीण एलिका हात देऊन त्याला वर घेते. त्या वेळीही लोक असेच संतापले होते. प्रत्यक्षात मूळ गेममध्येही मेल्यावर त्याच लेव्हलच्या आरंभी परत यायचो. एलिका ते अंतर फक्त कमी करते. मात्र तिथे घड्याळ नाही, आणि ती उणीव मलाही जाणवते.

तटबंदी :
मी चर्चा वेगळ्या कारणासाठी सुरू केली होती, पण भिंगरी यांच्या प्रश्नाला उत्तर देणे भाग आहे. मी मूळ गेम अनेकदा 'मेगाहिट'नेच संपवला. त्याविना, साठ मिनिटांच्या आत, आयुष्यात एकदाच, जिला सोडवायचे असते त्या राजकन्येपर्यंत पोहोचलो, आणि बाकीच्या वेळा मी त्या एका वेळेच्या आठवणीत मिसळून टाकल्या होत्या, हे आज लिहिताना लक्षात येत आहे. पाणचक्की, आपल्या कमावण्याच्या मुद्द्याला मी कालपर्यंत मान डोलावली असती. आज डोलावणार नाही.

चकमक यांनी वॉरियर विदिनबद्दल विचारले, तेही खरे आहे. मी क्रमवारी लावत होतोच, फक्त आकडा लिहीत नव्हतो. यादी काढून टाकण्याची विनंती मी मागे घेतो. परंतु 'आज खेळवत नाही' या वाक्यावरचा माझा आक्षेप कायम आहे. आपण मूळ गेम कुठल्या यंत्रावर खेळलात, हेही यादीत नाही. सुपर निन्टेंडोवरच्या आवृत्तीत वीस लेव्हल आणि एकशेवीस मिनिटे आहेत. ती खेळून 1989 च्या गेमवर निकाल दिला असेल तर तो निकाल दुसऱ्याच गेमचा आहे.

चकमक :
मी सुपर निन्टेंडोचीच आवृत्ती खेळलो, आणि तीही चौदाव्या लेव्हलपर्यंत. हे यादीत लिहायला हवे होते, ही माझी चूक. प्रत्येक गेमपुढे कोणती आवृत्ती, कुठपर्यंत आणि कोणत्या सोयी वापरून खेळलो, हे आज रात्री जोडतो. दहाकाबद्दल दोन ओळीही घालतो, अनवट यांच्यासाठी. सहावा क्रमांक मात्र डॉसची, म्हणजे जुन्या पीसीवरची, आवृत्ती पूर्ण खेळेपर्यंत बदलणार नाही. आपणही एक सांगा, तटबंदी : द लॉस्ट क्राउन आपण कुठपर्यंत खेळलात?

तटबंदी :
सुरूच केलेला नाही. तो न खेळताच मी आपल्या यादीतील त्याच्या जागेवर चिडलो होतो. भिंगरी, वाट दाखवणारी पद्धत सुरुवातीपासून ठेवावी की नंतर बदलता येते, एवढे कळवावे.

भिंगरी :
केव्हाही बदलता येते. सुरुवात तिच्याशिवाय करा. नकाशावर एखाद्या जागेचे चित्र अडकवून ठेवायची सोय आहे, ती पहिल्यापासून वापरा. अडलेल्या वाटा नंतर शोधत बसावे लागणार नाही.