मदत हवी आहे: दोघं भाऊ एकदम खेळलो की एकाला लॉबी (ऑनलाइन गेममध्ये खेळाडू जमतात ती जागा) मिळत नाही

राजेहो, नेटवर्किंगचं कोणाला कळत असेल तर सांगा. मानेवाड्याला वरच्या माळ्यावर भाड्यानं राहतो, खाली घरमालक काकांचा फायबरचा राउटर, त्यातून लॅन केबल वर ओढून आमचा राउटर लावलाय. यूट्यूब, क्लासचे लेक्चर सगळं मस्त चालते, पण मी अन् लहान भाऊ आपापल्या कन्सोलवर एकच गेम उघडला की एक जण आत जातो अन् दुसऱ्याला 'नॅट टाइप ३' दाखवून बाहेर फेकते (नॅट म्हणजे राउटर एकाच आयपी पत्त्यावर सगळे डिव्हाइस चालवते ते; टाइप ३ म्हणजे सगळ्यात कडक, बाहेरून कनेक्शन आत येऊ देत नाही). पिंग (गेमच्या सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारा वेळ) चांगला आहे, काकूंची सिरियल सुरू झाली की थोडा वाढतो, तेवढं चालून जाते.

आमच्या राउटरचा वॅन आयपी (बाहेरच्या बाजूचा पत्ता) १९२.१६८ वाला, म्हणजे घरातल्या नेटवर्कचाच आहे, म्हणजे डबल नॅट (दोन्ही राउटर नॅट करतात), तो अ‍ॅक्सेस पॉइंट मोडवर टाकून देतो, म्हणजे तो स्वतः नॅट करणार नाही. पण काकांच्या राउटरमध्ये वॅन आयपी १००.७२ नं सुरू होतो, म्हणजे कंपनीकडूनच सीजीनॅट (एकच पब्लिक आयपी बऱ्याच ग्राहकांत वाटणं) ना? मग गेमचा ३०७४ पोर्ट फॉरवर्ड करून (बाहेरून त्या पोर्टवर आलेलं थेट कन्सोलकडे पाठवून) काय फायदा, अन् तसाही तो एकाच कन्सोलला देता येतो. यूपीएनपीनं (कन्सोल स्वतःच राउटरला पोर्ट उघडायला सांगते ते) भागेल काय? स्टॅटिक आयपीचे पैसे काका देणार नाहीत, ते आधीच म्हणतात दिवसभर गेम काहून खेळता बे. आयपीव्ही६ (नवीन प्रकारचे आयपी पत्ते, त्यात प्रत्येक डिव्हाइसला स्वतःचा पत्ता मिळू शकते) चालू करून कोणाचं जमलं असेल तर तेही सांगा.