सिग्नलच्या आबांना उद्या सकाळी न्यायचंय, आम्ही बुलेटवाल्यांनी कसं जावं?

गॅरेजवाला_गोडोली (रात्री ९.१०)

मंडळी, आमच्या आळीतले आबा गेले. उद्या सकाळी दहाला त्यांना संगम माहुलीच्या घाटावर न्यायचंय. वय ८१. धाकटा मुलगाही लष्करात आहे. तो आसामातून निघालाय, पहाटे पुण्यात उतरेल, म्हणून थांबलेत. माझ्या हातात एवढी रात्रच आहे, जाणकारांनी सांगावं.

आबा लष्कराच्या सिग्नल कोअरमध्ये, म्हणजे निरोप पोचवणाऱ्या दलात, डीआर होते, डिस्पॅच रायडर. वायरलेसवर बोलायची सोय नाही, तार तुटलीय, अशा वेळी कागद मोटरसायकलवरून पोचवणारा माणूस. ७१ ला राजस्थानच्या बाजूला होते, पश्चिमी स्टार हे पदक मिळालेलं. रात्री हेडलाइटला काळं फासून, एवढीशी फट ठेवून चालवायचे. कागद पिशवीत नाही, बनियनच्या आत. "वाळूत ब्रेक दाबला की गडी गेला," हे मला त्यांनी शंभरदा तरी सांगितलं असेल.

त्यांची बुलेट ८५ सालची, गिअर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या. माझे वडील होते तेव्हापासून ती आमच्याच गॅरेजला येते. मला टॅपेट (इंजिनच्या व्हॉल्व्हची फट) सेट करायला वडिलांनी नाही, आबांनी शिकवलं. इंजिन पूर्ण गार पाहिजे, पुशरॉड बोटानं फिरला पाहिजे पण वरखाली हलता कामा नये. मी नट आवळला की ते स्वतः बोट लावून बघायचे आणि मगच चहा घ्यायचे. गेल्या दिवाळीत हात कापत होता, तरी बोट लावलं.

आमचा २२ जणांचा ग्रुप आहे. रविवारी कास, ठोसेघर, सज्जनगड, एवढाच आमचा व्याप. पण आबांना आम्ही सगळ्यांनी मिळून पोचवावं असं फार वाटतंय. पोरांनी अमेरिकेतल्या पेट्रियट गार्ड रायडर्सचे व्हिडिओ बघितलेत. २००५ साली कॅन्ससमध्ये सुरू झालेले हे लोक सैनिकाच्या अंत्यविधीला मोटरसायकली घेऊन जातात आणि हातात झेंडे धरून दोन्ही बाजूंना गप उभे राहतात. घरच्यांनी बोलावलं तरच जातात, हे मला त्यातलं सगळ्यात पटलं.

आता अडचण. गाड्या वैकुंठरथाच्या पुढं घ्यायच्या की मागं? पोरं म्हणतात प्रत्येक गाडीला तिरंगा लावू, ते चालतं का? आणि आबांची बुलेट न्यायची का? नातवंडांना उजव्या पायाचा गिअर येत नाही. मी चालवू शकतो, पण त्या सीटवर आज बसायला मन घेत नाही.

विचारतोय त्याला कारण आहे. दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या एका जवानाच्या अंत्ययात्रेला आम्ही असेच गेलो होतो. कुणालाही न विचारता. दारात पोरांनी मानवंदना म्हणून सगळ्यांनी मिळून अ‍ॅक्सिलरेटर पिळला. घरात त्याची आई होती. गर्दीतून एक म्हातारे बाबा आले, माझ्या गाडीची किल्ली फिरवली, किल्ली माझ्या हातात ठेवली आणि परत गेले. एक शब्द बोलले नाहीत. तसं पुन्हा होऊ द्यायचं नाही मला.

सातारी_वकील (रात्री ९.४०)

झेंड्याचं आधी. पोरांना आत्ताच फोन करून सांगा, गाडीवर तिरंगा नको. ध्वजसंहिता २००२ प्रमाणे मोटारीवर राष्ट्रध्वज लावायचा मान राष्ट्रपती, राज्यपाल, पंतप्रधान, मंत्री अशा ठरावीक पदांनाच आहे. पार्थिवावरही तो फक्त शासकीय, लष्करी किंवा निमलष्करी इतमामातच घालतात. तेव्हा केशरी पट्टा डोक्याकडं येतो आणि अग्नी देण्याआधी ध्वज काढून घेतात, तो जळता कामा नये. घरच्या घरी कुणी प्रेमानं तिरंगा पांघरायला निघालं तर हात जोडून थांबवा. राष्ट्रध्वजाच्या अवमानाबद्दलच्या १९७१ च्या कायद्यानं तो गुन्हा ठरतो आणि दुःखाच्या घरात हे कुणाच्या लक्षात येत नाही.

वाहतूक शाखेला सकाळी एक फोन करा. पोवई नाक्यावर त्या वेळी ऑफिसची गर्दी असते, २२ गाड्या एकदम शिरल्या तर वैकुंठरथच अडकेल. आणि हेल्मेट सगळ्यांना.

माजी_हवालदार_कराड (रात्री १०.०५)

जय हिंद. मी मराठा लाइट इन्फंट्रीचा, पण डीआर म्हटलं की कुठल्याही पलटणीचा माणूस ओळखतो. रात्री-अपरात्री चिखलानं माखलेला गडी यायचा, कागद द्यायचा, सही घ्यायचा, पाणी प्यायचा आणि परत जायचा. नाव विचारायचंही राहून जायचं.

गाड्या मागंच ठेवा. आपल्याकडं मडकं धरणाऱ्याच्या पुढं कुणी चालत नाही, मग गाड्यांनी का जावं? दोन-दोनच्या रांगेत, वेग वैकुंठरथाचा. कृष्णानगरच्या पुढं जागा बघून गाड्या लावा आणि तिथून चालत या. सिव्हिल कपड्यात सॅल्यूट ठोकू नका. हेल्मेट काढून डाव्या काखेत, सावधान, नजर समोर. तेवढं पुरतं.

आणखी एक. प्रत्येक माजी सैनिकाला सरकारी मानवंदना मिळतेच असं नाही, पण सकाळी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला कळवा, पुष्पचक्र घेऊन कुणी येऊ शकतं. शहरात सिग्नलचा एखादा पेन्शनर असेल तर त्याला मात्र आत्ताच शोधा. 'तीव्र चौकस' हे सिग्नलचं ब्रीद म्हणणारा एक जरी आपल्या मेडलांसह शेजारी उभा राहिला तरी आबा एकटे जाणार नाहीत. पुढच्या आठवड्यात मृत्यूचा दाखला, डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश) गोळा करून जबलपूरच्या सिग्नल रेकॉर्ड कार्यालयाला आणि स्पर्श या लष्करी पेन्शनच्या पोर्टलवर कळवायला लागेल, म्हणजे आबांच्या पत्नीची, वहिनींची पेन्शन सुरू होईल. तुमच्या २२ जणांपैकी एकानं हे काम अंगावर घ्यावं. मुलाची रजा संपून जाते, कागद तसेच राहतात.

वाळव्याची_लेक (रात्री १०.३०)

माझे वडील फौजी होते. दादा, तुम्ही इतकं सगळं विचारलंत, पण आबांच्या मागं राहिलेल्या काकूंना विचारलंत का? मुलांना नाही, भावकीलाही नाही, काकूंना. वडील गेले तेव्हा आमच्या घरातून आई आणि मी घाटावर काय, वेशीपर्यंतसुद्धा गेलो नाही. बायका घरीच थांबल्या. तुमची रांग, तुमचं सावधान उभं राहणं आईला कधीच दिसलं नसतं. तिच्यापर्यंत जे पोचलं ते दारातलंच. उशीर झाला तरी आत्ता जा. त्या झोपलेल्या नसणार.

गॅरेजवाला_गोडोली (रात्री १०.४५)

जातो.

गॅरेजवाला_गोडोली (दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी ६.२०)

सगळ्यांना सांगायचं राहिलंय.

रात्री गेलो तेव्हा काकू ओट्यावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी गाड्यांचं विचारलं. म्हणाल्या, या, सगळे या, पण आळीच्या तोंडाशी गाड्या बंद करून दारापर्यंत ढकलत आणा, आत लहान बाळ आहे. मग आबांच्या बुलेटचं विचारलं. मला वाटलं होतं, त्या न्या म्हणतील. त्या म्हणाल्या, "ती नको रे नेऊस. तुम्ही सगळे घेऊन जाणार, घर मोकळं होणार. दारात ती तरी असू दे."

ती जागची हलवली नाही. सकाळी लवकर जाऊन फक्त पुसली आणि तेलाचा थेंब गळतो तिथं खाली पत्रा ठेवला.

१९ गाड्या आल्या. ढकलत आणल्या. एकाही पोरानं कुरकुर केली नाही. वैकुंठरथ निघाला तेव्हा काकू दारात आल्या, आम्ही हेल्मेट काढून भिंतीला लागून उभे. बॉम्बे रेस्टॉरंट चौकात वाहतूक पोलिसांनी दोन मिनिटं गाड्या थांबवल्या. एक पेन्शनर आजोबा सापडले, सिग्नलचेच, ७६ वर्षांचे, कोटाला मेडल लावून माझ्या मागं बसून आले. घाटावर त्यांनी आबांच्या पायाशी हात लावला आणि हळू आवाजात रिपोर्ट दिल्यासारखं काहीतरी बोलले. मी मुद्दाम लांब थांबलो.

हवालदारसाहेब, पीपीओ आणि डिस्चार्ज बुक पत्र्याच्या पेटीत मिळालं. आमच्यातला एक बँकेत आहे, त्यानं कामाला हात घातलाय. ताई, तुमचा निरोप काकूंना सांगितला. त्यांनी तुमच्या आईचं विचारलं.

परवा सकाळी सातला सावडायला माहुलीला जायचंय. आम्ही चौघं जाणार, मुलाबरोबर जीपमधून.