डिस्क अनमाउंट झाली आणि रूट पार्टिशन भरू लागले: आता काय करावे?

प्रश्न

आमच्या ओपनस्टॅक स्विफ्ट (प्रत्येक ऑब्जेक्टच्या, म्हणजे साठवलेल्या फाइलच्या, अनेक प्रती ठेवणारी साठवण प्रणाली) क्लस्टरमधील एका नोडवर, म्हणजे सर्व्हरवर, एक्सएफएस या फाइल सिस्टिमच्या त्रुटीमुळे एक डेटा डिस्क अनमाउंट झाली आणि त्यानंतर त्या नोडचे रूट पार्टिशन भरू लागले. शोध घेतल्यावर असे दिसले की, डिस्कच्या रिकाम्या माउंट पॉइंटमध्येच (डिस्क जिथे जोडली जाते त्या, रूट पार्टिशनवरील डिरेक्टरीत) ऑब्जेक्टच्या नव्या फाइल्स लिहिल्या जात आहेत. डिस्क यांत्रिकदृष्ट्या ठीक आहे. ती पुन्हा माउंट करण्यापूर्वी या फाइल्सचे काय करावे आणि असे पुन्हा होऊ नये यासाठी कोणती व्यवस्था करावी?

पहिले उत्तर

सर्वप्रथम त्या नोडवरील स्विफ्टच्या सेवा थांबवा, म्हणजे चुकीच्या जागी होणारे लेखन थांबेल. मग माउंट_चेक हे सेटिंग पाहा; डिस्क खरोखर माउंट आहे का, हे ते तपासते. ते मुळात चालू असते, पण एकाच यंत्रावर चाचणीसाठी उभारलेल्या रचनेत ते बंद ठेवतात आणि तीच कॉन्फिग फाइल पुढे प्रत्यक्ष वापरात उचलली जाते. ते चालू असेल, तर डिस्क माउंट नसताना ऑब्जेक्ट सर्व्हर ५०७ (साठवणीस जागा नाही) हे उत्तर देतो आणि ग्राहकांच्या विनंत्या घेणारी प्रॉक्सी ती प्रत हँडऑफ, म्हणजे पर्यायी, नोडवर लिहिते, म्हणजे ग्राहकाचे काम अडत नाही. अकाउंट, कंटेनर आणि ऑब्जेक्ट या तिन्ही सर्व्हरच्या कॉन्फिगमध्ये ते तपासावे.

मात्र केवळ या एका सेटिंगवर विसंबू नये, असे माझे ठाम मत आहे. डिस्क माउंट नसताना माउंट पॉइंटच्या डिरेक्टरीची मालकी रूटकडे ठेवा आणि परवानगी ७५५ (लिहिण्याची मुभा फक्त मालकाला) करा, म्हणजे सेटिंग चुकले तरी स्विफ्टच्या वापरकर्त्याला तेथे लिहिता येणार नाही. माउंट झाल्यावर डिस्कच्या स्वतःच्या परवानग्या लागू होतात, त्यामुळे नेहमीच्या कामात यामुळे अडथळा येत नाही.

दुसरे उत्तर

त्या फाइल्स घाईने पुसू नका. तीन प्रतींच्या धोरणात दोन प्रती लिहिल्या गेल्या की लेखन यशस्वी मानले जाते, आणि त्या दोनपैकी एक नेमकी येथे असू शकते. तशीच वर डिस्क माउंट केली, तर फाइल्स तिच्याखाली झाकल्या जातील. मग पार्टिशनची एकूण जागा सांगणारी डीएफ ही आज्ञा जागा भरलेली दाखवेल आणि फाइल्स मोजणाऱ्या डीयू या आज्ञेला मात्र त्या सापडणार नाहीत. म्हणून सेवा बंद असतानाच त्या बाजूला हलवा, डिस्क माउंट करा आणि मग त्या डिस्कवर मिसळा.

मिसळताना एक्सटेंडेड अ‍ॅट्रिब्यूट (फाइलला जोडलेल्या जादा नोंदी) जपणे अत्यावश्यक आहे, कारण ऑब्जेक्टचा मेटाडेटा त्यांतच असतो. फाइल्सची नक्कल करणारे आरसिंक वापरत असाल, तर मोठ्या एक्सचा पर्याय विसरू नका. हॅशेस.पीकेएल ही हॅश साठवणारी फाइल मात्र सोबत नेऊ नका, उलट स्विफ्टच्या ज्या पार्टिशनमध्ये (डिस्कवरील डेटाच्या विभागाच्या डिरेक्टरीत) भर पडली तेथील जुनी पीकेएल काढून टाका, म्हणजे प्रती जुळवणारा रेप्लिकेटर हॅश नव्याने मोजेल. एकाच ऑब्जेक्टच्या दोन आवृत्त्या आल्या तरी चिंता नको, कारण फाइलचे नाव हाच टाइमस्टॅम्प असल्याने नवी टिकते. कंटेनर आणि अकाउंटच्या डेटाबेस फाइल्स मात्र अशा एकमेकांवर लिहू नका.

तिसरे उत्तर

डिस्क किती काळ बाहेर होती, हे विचारायला हवे. स्विफ्टमध्ये पुसलेल्या ऑब्जेक्टची खूण, म्हणजे टूम्बस्टोन, रीक्लेम_एज इतकाच काळ राखली जाते आणि तो मुळात ६,०४,८०० सेकंद, म्हणजे ७ दिवस असतो. त्याहून जास्त काळ बाहेर राहिलेली डिस्क तशीच परत जोडली, तर इतरत्र पुसलेले ऑब्जेक्ट तिच्यावर शिल्लक असतात, ते पुसल्याची खूण कोठेच उरलेली नसते आणि रेप्लिकेटर ते पुन्हा सर्वत्र पसरवतो. वापरकर्त्याने पुसलेला डेटा असा परत येणे मला भरलेल्या पार्टिशनपेक्षा अधिक गंभीर वाटते. अशी डिस्क फॉरमॅट करूनच जोडावी; प्रती इतर नोडवरून येतील. दुरुस्ती लांबणार असेल, तर ती रिंगमधून (कोणता डेटा कोणत्या डिस्कवर, हे ठरवणाऱ्या नकाशातून) काढून रीबॅलन्स, म्हणजे डेटाची फेरवाटणी, करावे.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. ती मुदत अजून उलटलेली नाही. माउंट_चेक खरोखरच बंद होते. दुरुस्तीचे साधन एक्सएफएस_रिपेअर मात्र लॉग (डिस्कवर अजून लागू न झालेल्या बदलांची नोंद) शिल्लक असल्याचे सांगून थांबते. मोठ्या एल पर्यायाने तो लॉग पुसावा का?

दुसरे उत्तर देणारे

एवढ्यात नको, त्याने अलीकडचे बदल गमावले जाऊ शकतात. आधी डिस्क एखाद्या तात्पुरत्या डिरेक्टरीवर माउंट करून पाहा. माउंट होताना लॉग आपोआप लागू होतो, मग अनमाउंट करून रिपेअर चालवा. माउंटच होत नसेल, तरच एल वापरा. आणि तशी वेळ आलीच, तर इतर प्रती शाबूत असल्याची खात्री करून फॉरमॅट करणे मी अधिक पसंत करीन.