मदत हवी आहे: जुन्या डबा टीव्हीला प्लेअर जोडलाय, चित्र येतंय पण आवाज अर्धाच

नमस्कार मंडळी,
बाबांकडे गावाला २१ इंची पिक्चर ट्यूबवाला टीव्ही आहे. पुढच्या झाकणाखाली दोनच एव्ही भोकं, चित्राचं पिवळं आणि आवाजाचं पांढरं, मागे अँटिनाचं. बदलू म्हटलं की "चालतोय ना, मग?" विषय संपला. त्यांना ताईच्या लग्नाची डीव्हीडी बघायचीय, जुन्या कॅसेटवरून करून घेतलेली.

मावसभावाने त्याचा ब्ल्यू-रे प्लेअर फुकट दिला, त्यात साध्या डीव्हीडी पण चालतात, पण घरी आणल्यावर बघतो तर मागे नुसतं एचडीएमआय, म्हणजे नव्या टीव्हीचं भोक. म्हणून पुण्यात तापकीर गल्लीतून एचडीएमआयचं एव्ही करणारी कन्व्हर्टरची डबी आणली, तर दुकानदाराने उलटीच दिली, एव्ही टू एचडीएमआय! दिसायला दोन्ही सेम, परत हेलपाटा. दुसरी बरोबर निघाली पण चित्र काळंपांढरं आणि वरखाली पळतंय, अर्धा दिवस वायरी हलवण्यात गेला आणि मग दिसलं की डबीच्या कडेला पाल/एनटीएससीचं (टीव्ही सिग्नलच्या दोन पद्धती, आपल्याकडे पाल) बारीकसं बटण आहे, ते पालवर सरकवलं आणि रंग आले. (करंट मोबाईलच्या चार्जरवरून दिलाय, या टीव्हीला यूएसबी कुठलं.)

आता खरा घोळ. टीव्ही मोनो, म्हणजे आवाजाला एकच भोक, म्हणून डबीची पांढरी (डाव्या आवाजाची) पिन लावली आणि लाल (उजव्याची) तशीच लोंबकळतेय. तर लग्नात सनई मस्त ऐकू येते आणि मंगलाष्टकं म्हणणारे गुरुजी नुसतंच तोंड हलवतात. पांढरी काढून लाल लावली की गुरुजी खणखणीत, सनई गायब. आई म्हणते आधी सनई ऐकू, मग गुरुजी :)

प्लेअरच्या मेनूत मोनो करायचं काही सापडलं नाही. लाल-पांढरी मिळून एक करणारी वाय पिन मिळते ती लावली तर चालेल का, की डबी जळेल? एक मित्र म्हणतो दोन्हीत एकेक किलोओहमचा रेझिस्टर टाकून मगच जोड, दुसरा म्हणतो काही होत नाही, वायरी सोल आणि पीळ मार. सोल्डरिंग मला येतं, तसा प्रॉब्लेम नाही. कॉम्प्युटरचे जुने स्पीकर पडलेत, ते थेट डबीला लावता येतील, पण मग आवाज कमी करायला बाबांना दरवेळी उठावं लागणार, रिमोट उपयोगाचा नाही.

आत्तापर्यंत साडेचारशे गेलेत, अजून शंभरच्या वर घालवायचे नाहीत. कोणी स्वतः असं जोडलंय का? गणपतीत ताई येतेय, त्याच्या आत करायचंय.